मशीन रडतंय, होडी चालत नाही

(बडोद्याच्या दांडिया बाजारात एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पाहुणे मांडवीपाशी अडकलेत असा निरोप आहे, तेव्हा आपण सुरू करू. साडेसातला भजनी मंडळाला हॉल द्यायचाय. शिवाय मागे शेव-उसळ उकळतेय, त्यामुळे माझी स्पर्धा कुणाशी आहे याची मला कल्पना आहे.

पत्रिकेत विषय छापलाय, 'छोट्या मासेमारी होडीची कार्यक्षमता'. काल एकानं फोन करून विचारलं, "काका, बडोद्यात समुद्र कुठाय?" नाहीच. पण भरूच ओलांडून भाडभूतला जा. पावसाळ्यात नर्मदेत तिथे पाला चढतो. पाला म्हणजे हिलसा, समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला येणारा. पुढच्या रांगेतल्या सीकेपी मंडळींना हे मी सांगायचं म्हणजे आजीला मोदक शिकवण्यासारखं झालं. असो.

माझा अधिकार म्हणाल तर मी कलाभवनाचा डिप्लोमावाला. सयाजीरावांनी 1890 साली काढलेलं कलाभवन. त्यानंतर चौतीस वर्षं मकरपुऱ्यात पंप केले. त्या धंद्यात एक गोष्ट पक्की कळली. पाणी चढत नाही म्हटलं की गिऱ्हाईक मोठी मोटर मागतं आणि विकणारा हसत देतो. पाइप केवढा, त्याच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, गळतोय का, हे कुणी बघत नाही. मी बघायचो, म्हणून सेल्समध्ये मला कुणी उभं केलं नाही. या विषयावर वेगळं व्याख्यान होईल.

तर भाडभूतला आमचा एक माछी, म्हणजे मासेमार, मित्र आहे. फायबरची होडी, पाण्यात भिडणारी लांबी सहा मीटर, मागे साडेनऊ-दहा हॉर्सपॉवरचं ओबीएम. होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या आऊटबोर्ड मोटरला तिथे सगळे ओबीएमच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला, "साहेब, मशीन रडे छे, होडी चालती नथी." मी इथूनच निदान केलं, कार्ब्युरेटर साफ कर. त्यानं केला. फरक शून्य. मग तो दुकानात गेला. दुकानाचं नाव नको. त्यांनी सांगितलं, पंधरा हॉर्सपॉवर घे, हप्ते करून देतो. त्याच दुकानानं आधीचं मशीन विकलं होतं, हे लक्षात ठेवा.

तेव्हा मात्र मी गेलो. बायको म्हणाली, येताना पाला आण. (हशा.) होडीत बसलो, आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा, मीटर लावला. पूर्ण थ्रॉटलला मशीननं साडेचार ते साडेपाच हजार आरपीएम काढावेत असं त्याच्या पुस्तकात आहे. काटा एक्केचाळीसशेवर अडला. मोबाइलवर वेग बघितला. नदीत एकाच दिशेचा वेग बघून चालत नाही, प्रवाह फसवतो. वर जाताना सहा, खाली येताना बारा, सरासरी नऊ किलोमीटर.

आता हे बघा. (टेबलावरचा प्रोपेलर उचलून.) त्या मशीनचा हा मूळ पंखा, पाण्यात फिरून होडी ढकलणारा. बुंध्यावर आकडे ठोकलेत, सव्वानऊ बाय नऊ. पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे स्क्रूच्या आट्याची चाल. लोण्यात स्क्रू फिरवावा तसा हा एका फेऱ्यात नऊ इंच पुढे जाईल. खालच्या गिअरमुळे मशीनच्या दोन फेऱ्यांत पंख्याचा एक, म्हणजे मिनिटाला दोन हजार पन्नास फेरे. गुणून बघा, तासाला अठ्ठावीस किलोमीटर झाले. होडी चालली नऊ. बाकी सगळं पाणी नुसतं घुसळलं. घसर थोडी असणारच, घसर नसेल तर रेटाही नाही. पण इतकी? हा पंखा हलक्या, पाण्यावर उडत जाणाऱ्या बोटीचा आहे. जाळी, बर्फ आणि तीन माणसं घेतलेल्या होडीला तो लावणं म्हणजे भरलेला ट्रक चौथ्या गिअरमध्ये उचलणं. मशीन रडेल नाही तर काय?

पंधरा हॉर्सपॉवरनं काय झालं असतं? इंग्लंडात 1870 च्या दशकात विल्यम फ्रूड यांनी पाण्याच्या लांब टाकीत छोटी जहाजं ओढून मोजमापं घेतली. त्यांच्या कामातून आलेला ठोकताळा आपल्या मापात असा: लांबी मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, साडेचारनं गुणा. सहा मीटरला तासाला अकरा किलोमीटर आले. पाणी कापत जाणारी जड होडी त्या वेगाला पोचली की स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर येते. पुढे ताकद ओता, चढ वाढतो, वेग फारसा नाही. हप्ते मात्र वेळेवर येतात.

आम्ही सात इंच पिचचा पंखा आणला. पिच एक इंच उतरली की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात, म्हणजे यातून तीन-चारशे मिळाले. दुसऱ्या दिवशी होडी वाळूवर उलटी केली. बुडाला शेवाळ आणि शंखांचा थर, पायाला खरचटेल असा. उलटी करण्याआधी तळाच्या फळीखाली साचलेलं पाणी बादलीनं काढलं, तर सहा बादल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, रोज फुकट फिरवत होता. सगळं झाल्यावर काटा सत्तेचाळीसशे, वेग साडेदहा. दीड किलोमीटर म्हणजे काही फार नाही. पण आता तो जुन्या वेगानं जायला थ्रॉटल मागे घेतो, आणि पेट्रोल तिथे वाचतं. पाला मिळाला नाही. बायकोला व्याख्यानाचा हा भाग पटलेला नाही.

सव्वासात? म्हणजे ज्याला मी मुख्य विषय म्हणत होतो तो दहा मिनिटांत. बरं.

मशीनची उंची. पंख्याच्या वर आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा जेमतेम इंचभर खाली हवी. मशीन होडीच्या मागच्या फळीवर बसतं; मित्राला पंधरा इंची फळीला वीस इंची दांड्याचं मशीन दिलेलं. पाच इंच लोखंड उगाच पाण्यात, ओहोटीला गाळात रुततं ते वेगळंच. मागच्या फळीवर लाकडी ठोकळा बसवून उचललं.

कल. ब्रॅकेटला भोकं असतात, त्यात खीळ. मशीन फळीला चिकटलं तर होडी नाक खुपसते, फार लांब गेलं तर नाक वर आणि बूड खाली. रेटा पाण्याला समांतर हवा. एकेक भोक बदलून बघा, फुकट आहे. वजनही तसंच. मशीन मागे म्हणून माणसं मागे, टाकी मागे, बर्फाची पेटीही मागे. पेटी हातभर पुढे सरकवा.

पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल. पुस्तकात पन्नासास एक म्हटलं की लिटरला वीस मिली. जास्त तूप घातलं म्हणून शिरा चांगला होतो, मशीन नाही. प्लगवर काजळी धरते.

आणि गाळ. खंबातच्या आखाताची भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी, पाणी म्हणजे पातळ चिखल. मशीन थंड ठेवणाऱ्या पंपात रबराची चक्री असते, ती त्यानं झिजते. मागून पाण्याची धार येते तिच्याकडे रोज बघायचं. धार मंदावली की दाखवून घ्यायचं. (हशा.) मी मशीनबद्दल बोलतोय. रोज परत आल्यावर गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवलं तर चक्री टिकते.

मनगटाची लाल दोरी राहिली. माणूस पडला की मशीन बंद करणारी. ती हँडलला गुंडाळून ठेवलेली असते, मी दर वेळी सोडून त्याच्या हातात अडकवतो.

हार्मोनियम आली वाटतं. दोन्ही पंखे टेबलावर ठेवतो, हातात घेऊन बघा. जुन्याच्या कडा दगडांनी दातेरी झाल्यात, बोट जपा.