गांदोच्या शाळेचं छप्पर

श्रोतेहो, नमस्कार.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात गांदो नावाचं छोटं गाव आहे. २००१ साली तिथे तीन वर्गांची प्राथमिक शाळा बांधून झाली. २००४ साली तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि तिचे वास्तुरचनाकार दिएबेदो फ्रान्सिस केरे यांना २०२२ साली वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. ते मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुरचनाकार.

या शाळेची ओळख जगभर 'मातीची शाळा' अशी करून दिली जाते. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. भिंती मातीच्या आहेतच. मात्र भर उन्हाळ्यात त्या वर्गात बसता येतं आणि पावसाळ्यात त्या भिंती टिकतात, याचं मोठं श्रेय छपराला जातं. आणि ते छप्पर आहे चक्क पत्र्याचं, लोखंडी सळयांच्या कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांवर, पेललेलं. म्हणून आज आधी छपराकडे बघू, भिंतीकडे नंतर वळू.

केरे यांचा जन्म १९६५ साली गांदोमध्येच झाला. गावात शाळा नव्हती, त्यामुळे शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच घर सोडावं लागलं. पुढे सुतारकामाच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि ते जर्मनीत गेले. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकत असतानाच त्यांनी गावच्या शाळेसाठी पैसे जमवायला सुरुवात केली. गावकऱ्यांना मात्र मातीची शाळा ऐकून शंका आली. मातीची घरं दर पावसाळ्यात विरघळताना त्यांनी पाहिली होती; शाळा म्हणजे सिमेंटची, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काही चुकत नव्हतं. नुसती माती आणि वर तोकडं छप्पर असेल, तर भिंत जाणारच.

त्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा ठिकाणी सिमेंटच्या भिंतींवर थेट पत्रा टाकला की काय होतं, हे मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या पत्र्याच्या वर्गात बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. उन्हातला पत्रा साठ अंशांच्या पुढे सहज तापतो आणि ती उष्णता सरळ खाली बसलेल्यांच्या डोक्यावर फेकतो. खिडक्या उघडून याचा इलाज होत नाही, कारण वारा हवा बदलतो. वरून येणारी ती धग तो अडवू शकत नाही. ती अडवायला मध्ये काहीतरी घन लागतं.

गांदोमध्ये तेच केलंय. भिंतींवर काँक्रीटच्या तुळया वर्गाच्या रुंदीत आडव्या टाकल्या. तुळयांवर लोखंडी सळया आणि सळयांवर मातीच्याच विटा, चुना-सिमेंटाशिवाय नुसत्या रचलेल्या. हे झालं आतलं छत. त्याच्या बरंच वर, मोकळी जागा सोडून, पत्र्याचं दुसरं छप्पर आहे. ऊन पत्रा झेलतो. पत्र्याखालची हवा तापते, पण ती कोंडत नाही, कारण बाजू उघड्या आहेत. वारा तिला वाहून नेतो. वर्गातली गरम हवा आतल्या छताच्या फटींतून वर निघून जाते आणि तिच्या जागी खिडक्यांच्या झडपांतून बाहेरची हवा आत येते. पंखा नाही, वीज नाही. आणखी एक फायदा कागदावर दिसत नाही: पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की शिक्षकाचा आवाज ऐकू येत नाही, तो आवाज मधलं विटांचं छत बराचसा गिळतं.

आता कैच्या. गावात क्रेन नाही, मोठे लोखंडी गर्डर आणायला रस्ता नाही. म्हणून केरे यांनी काँक्रीटमध्ये घालतात त्याच साध्या सळया घेतल्या, त्रिकोणांत जोडल्या आणि हलक्या कैच्या तयार केल्या. हातकरवत आणि छोटं वेल्डिंग मशीन एवढ्यावर काम झालं. गावातल्या लोकांनीच ते शिकून केलं. माझ्या मते या इमारतीतला सगळ्यात हुशार निर्णय हाच. माती तर सगळीकडे असते. क्रेनशिवाय उचलता येईल असं छप्पर सुचणं अवघड.

हे इकडे करून बघायचं असेल, तर दोनतीन गोष्टी बिघडतात त्या आधी ऐका. बारीक सळईला जास्त करंट देऊन वेल्डिंग केलं की सळई सांध्यापाशी खाल्ली जाते आणि नेमकी तिथेच तुटते. वेल्डिंगवरचा मळ ठोकून काढल्याशिवाय रेड ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक रंग, लावला, तर दोन पावसाळ्यांत सांधा आतून गंजतो. दुसरं, वारा. ज्या छपराच्या बाजू उघड्या आणि पाखे, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या कडा, लांब, त्याला वळवाच्या वादळात वारा खालून उचलतो. छपराच्या वजनावर भरवसा ठेवू नका. भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा हवा, कैच्यांचे बोल्ट त्या पट्ट्यात ओतकामाच्या वेळीच गाडलेले हवेत. नंतर भोक पाडून ठोकलेल्या खिळ्यांनी पत्रा काही थांबत नाही. पन्हळी पत्र्याला स्क्रू नेहमी उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. खाली रबरी वॉशर हवा. आणि पत्रा वाढतो: सहा मीटर लांबीचा लोखंडी पत्रा चाळीस अंशांनी तापला की जवळजवळ तीन मिलिमीटर लांब होतो. भोकं घट्ट असली तर तो रोज ताणून ताणून भोकं फाडतो आणि मग गळती सुरू होते.

पाखे लांब का, हेही सांगायला हवं. मातीच्या भिंतीचा शत्रू नुसता वरून पडणारा पाऊस नाही. पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीच्या पायथ्याशी उडतं, आणि भिंत खालून खचत जाते. म्हणून छपराचा पाखा निदान अडीच-तीन फूट बाहेर हवा, जोतं दगडाचं आणि जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवं. जोत्यावर ओल अडवणारा थर टाकल्याशिवाय पहिली मातीची वीट ठेवायची नाही.

आता त्या विटेकडे येऊ. गांदोची वीट भाजलेली नाही. माती आणि थोडं सिमेंट मिसळून ती यंत्रात दाबलेली आहे. हाताने चालवायचं असं यंत्र १९५० च्या दशकात कोलंबियात तयार झालं. त्याचं नाव सिनवा-राम. आज आपल्याकडे पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये बनणारी यंत्रं त्याच घराण्यातली. या विटेसाठी वाळू आणि बारीक खडी मिळून साधारण ६५ टक्के, गाळ १५ टक्के आणि चिकणमाती २० टक्क्यांच्या आसपास, अशी माती उत्तम.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. वरची फूट-दीड फूट माती बाजूला काढा, कारण तिच्यात मुळं आणि कुजलेला पाला असतो. खालची माती घ्या. काचेची सरळ बाटली एक तृतीयांश मातीने भरा, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि जोरात हलवा. तासाभराने पुन्हा हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ अर्ध्या तासात, चिकणमाती दुसऱ्या दिवशीपर्यंत. मग पट्टीने थर मोजा. चिकणमाती जास्त निघाली तर वाळू किंवा चाळलेला मुरूम मिसळा.

काळी माती मात्र या कामाला घेऊ नका. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना भेगाळते. थोडं सिमेंट तिला आवरत नाही. सिमेंट वाढवत नेलं तर वीट महाग होते आणि भेगा तरीही पडतात.

प्रमाण सांगतो. वजनाने पाच ते सात टक्के सिमेंट, म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला ७०० ते १००० किलो कोरडी माती. २९ बाय १४ बाय ९ सेंटिमीटरची वीट सात किलोच्या आसपास भरते, तेव्हा एका पोत्यात शंभर ते दीडशे विटा. आधी कोरडंच मिसळायचं, रंग एकसारखा होईपर्यंत, मग पाणी शिंपडायचं. पाणी किती? लाडवाएवढा गोळा वळून खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चारपाच तुकडे झाले तर बरोबर. चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. कालवलेला माल वीस-पंचवीस मिनिटांत दाबून संपवा. दुपारच्या जेवणानंतर तोच माल परत वापरला की विटा कच्च्या निघतात.

सगळ्यात जास्त विटा पुढच्या टप्प्यात वाया जातात. ताजी वीट उन्हात वाळत घालायची नाही. तिच्यातलं सिमेंट पाण्यानेच घट्ट होतं. पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली झाका, नंतर चार आठवडे रोज पाणी मारा. कंत्राटदार घाईत असला की हाच काळ कापतो, आणि दोष मातीला दिला जातो. शिवाय अशी वीट भिजली की तिची ताकद कोरडीच्या निम्म्यावर येऊ शकते, म्हणून मजबुतीची चाचणी भिजवलेल्या विटेवर घ्यायला लावा.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. गांदो भूकंपाच्या पट्ट्यात नाही, आपला मोठा भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं दगावली ती मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांच्यावरच्या जड धाब्यांखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपरांखाली. मातीच्या विटांचं आतलं छतही जडच असतं, आणि गांदोसारखं नुसत्या रचलेल्या विटांचं छत भूकंपाच्या प्रदेशात डोक्यावर घेणं मला मान्य नाही. तिथे आतलं छत हलकं करावं, बांबूच्या तट्ट्यांचं केलं तरी धग बरीच अडते. जोत्यावर, खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली असे तीन सलग पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळया हव्यात, त्याही स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घेतलेल्या.

केरे यांनीही प्रत्येक ठिकाणी तीच वीट वापरलेली नाही. त्याच देशात कुदुगू शहरातल्या त्यांच्या माध्यमिक शाळेच्या भिंती जांभ्याच्या आहेत. जमिनीतून कापताना मऊ आणि हवेवर कडक होणारा दगड, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातला आपला चिराच. कोकणात असाल, तर दाबलेल्या विटांच्या मागे लागण्याचं काही कारण नाही. चिरा घ्या आणि पैसे दुहेरी छपरावर खर्च करा.

पत्रा आणि छत यांच्यातली जागा किमान फूटभर ठेवा, माणसाला हात घालून साफ करता येईल एवढी. दोन्ही बाजूंना जाळी लावा, नाहीतर वटवाघळं आणि उंदीर तिथे राहायला येतात. जाळी मात्र डासांची बारीक नको, ती धुळीने बुजते आणि हवा थांबते. अर्ध्या इंचाची चौकोनी तारजाळी घ्या. मे महिना संपायच्या आत ती एकदा झाडून घ्या, आणि त्याच शिडीवरून पत्र्याचे स्क्रू आणि फाटलेले वॉशरही तपासून घ्या.

नमस्कार.