माझ्या गुडघ्यावरचा ताल

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं आवरून-सावरून घेतलंय. मध्ये माईकने मारलेल्या शिट्ट्या गाळल्या आहेत.)

नमस्कार मंडळी.

पत्रिकेवर छापलंय ‘दिवाळी पहाट’ आणि आत्ता वाजलेत दुपारचे अडीच. यात कुणाचा दोष नाही. सकाळी हॉल मिळत नाही, आणि मिळाला तरी अभ्यंगस्नान उरकून या थंडीत पहाटे पाचला गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत कोण येणार? मीही आले नसते.

अध्यक्ष म्हणाले, “ताई, संगीतावर दहा मिनिटं बोला.” आता मी गात नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आपल्या कार्यक्रमात मी गाणाऱ्याच्या मागे तंबोरा घेऊन बसते. वेबसाइटवरच्या फोटोंत माझा अर्धा चेहरा कायम तंबोऱ्याच्या दांडीमागे असतो. तेव्हा गाण्यावर मी काय बोलणार? ऐकण्यावर बोलते. ते मात्र मी लहानपणापासून करत आलेय, आणि तेही फुकट.

मी नाशिकची, पंचवटीतली. आमच्या अण्णांचं लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, भिंतीला टांगलेले कर्णे, कोपऱ्यात वायरींची भेंडोळी आणि आहुजाचे दोन अँप्लिफायर. त्यातला एक चांगला आणि एक लग्नाचा. गणपती, रामनवमी, लग्न, प्रचारसभा, कीर्तन, भीमजयंती, जे असेल तिथे अण्णा जायचे, आणि वायर गुंडाळायला मी. मुलीची जात रात्री-अपरात्री कुठे नेतोस म्हणून आजी ओरडायची. अण्णा म्हणायचे, “वायर नीट गुंडाळते ती. पोरं गाठी मारतात.”

ढोलवाल्यांवर अण्णांचा राग होता. नाशिक ढोल साऱ्या महाराष्ट्रात गाजतो. पण एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हात, असे पन्नास ढोल चौकात घुमायला लागले की कर्ण्याची गरज कुणाला? धंदाच नाही! त्यामुळे आमच्या घरी ढोल ‘नुसता गोंगाट’ होता. मी मात्र चोरून रविवार कारंज्यापर्यंत पथकाच्या मागे जायचे.

अण्णांनी मला एक सवय लावली. कार्यक्रम सुरू झाला की ते अँप्लिफायरजवळ बसत, पण स्टेजकडे बघत नसत. लोकांकडे बघत. मी विचारलं तर म्हणाले, “गवयाचं गवई बघेल. मागच्या रांगेतली बाई मान डोलवते का, ते मला बघायचंय. ती थांबली की समजायचं, तिकडचा कर्णा गेला.” तेव्हापासून कुठल्याही कार्यक्रमात माझी नजर आधी मागच्या रांगेकडे जाते. आत्ताही गेली आहे. मागचे काका, तुम्हाला ऐकू येतंय ना? बरं.

चैत्रात आमच्या भागात रामाचं नवरात्र असतं. एका वाड्याच्या चौकात गाणं होतं. गवई बाहेरगावचे, नाव मोठं. अण्णांनी चांगला अँप्लिफायर आणला होता. मालकंस राग सुरू झाला, विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, जरा रंगायला लागलं आणि लाइट गेली. नाशिकच्या उन्हाळ्यात लाइट जाण्याचं कुणाला नवल नाही. पण गवई थांबले नाहीत. तबलजीही अंधारात ठेका धरून राहिला. मग मला एक खसखस ऐकू आली. माणसं सतरंजीसकट पुढे सरकत होती. खांबाला टेकलेले म्हातारे, माडीवरच्या बायका, चपलांपाशी उभी पोरं, सगळे. स्वयंपाकघरातून कुणीतरी कंदील आणून ठेवला, तेव्हा गवई आणि पहिली रांग यांच्यात हातभर अंतर राहिलं होतं. खोकला आला तरी लोक पदर तोंडात कोंबत होते. पुढे दीड तास गाणं झालं, माईकशिवाय.

दुसऱ्या दिवशी वाड्याचे मालक पैसे द्यायला आले आणि म्हणाले, “काय रंगली हो मैफल! अशी आजवर झाली नाही.” अण्णांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी चाळीस रुपये कमी घेतले आणि पुढे आठवडाभर ते त्या गृहस्थांचं नाव काढू देत नव्हते. एवढं चांगलं मशीन नेलं, आणि म्हणे मशीन बंद पडल्यावर रंगली!

अण्णांबरोबर हिंडले म्हणूनच मी भीमजयंतीच्या गायनपार्ट्याही ऐकल्या. आमच्या आळीतून दुसरं कुणी तिकडे जात नसे, हेही सांगून टाकते. तिथे ऐकायची रीत वेगळी. कुणी गप्प बसत नाही. ओळ आवडली की माणूस उठतो, पाच रुपयांची नोट पेटीवर ठेवतो, त्याचं नाव माईकवरून पुकारलं जातं आणि ओळ पुन्हा म्हणावी लागते. वामनदादा कर्डकांची गाणी तर हमखास असायची. दादा आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. अक्षरओळख मोठेपणी झालेला हा माणूस हजारो गाणी लिहून गेला. मी काळाराम मंदिराच्या दारावरून रोज शाळेत जायचे. त्याच दारापुढे २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता, ते मला शाळेने नीट सांगितलंच नव्हतं. मला ते कळलं एका गायनपार्टीत, रात्री साडेबाराला, मांडीवर वायरीचं भेंडोळं घेऊन बसलेली असताना. शेजारच्या आजी रडत होत्या आणि रडता रडता टाळ्यांचा ठेका देत होत्या. सकाळी शाळेत जाताना मी त्या दारापाशी थांबले. रोजचं दार, पण मला ते नवीन दिसलं.

पंचवटीतच इंद्रकुंडाजवळ पलुस्करांच्या नावाचं सभागृह आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, म्हणून गाण्याकडे वळलेला कुरुंदवाडचा मुलगा. गाणं राजवाड्यात नाहीतर देवळात, असा तो काळ. या माणसाने तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही संस्थानिकाच्या जिवावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. पुढे मुंबईत मोठी इमारत बांधली आणि ती कर्जापायी गेली. शेवटच्या वर्षांत ते नाशिकला येऊन राहिले, रामनाम आधार आश्रम काढला. १९३१ मध्ये मिरजेत गेले, तेव्हा त्यांचा मुलगा, आपले द. वि. पलुस्कर, दहा वर्षांचा होता. तोही चौतिसाव्या वर्षी गेला. एवढ्या थोड्या आयुष्यातल्या त्याच्या ध्वनिमुद्रिकांवर लोक आजही जगतात.

आपल्याकडे म्हणतात, तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं. मला वाटतं विष्णु दिगंबरांचं खरं काम तेच. तिकिटाचे पैसे मोजून रस्त्यावरचा माणूस दरबारातल्या गाण्यापुढे येऊन बसला. आज आपण पंधरा डॉलर भरून इथे बसलो आहोत, त्याची सुरुवात तिथून आहे. आणि पंधरा डॉलरमध्ये जेवणही आहे, हे खजिनदारांनी मला मुद्दाम सांगायला सांगितलंय.

आता गुडघ्याची गोष्ट.

इकडे आले त्याला बरीच वर्षं झाली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रपाळी, नवरा दिवसपाळीला, मुलगी लहान. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी कानात इयरफोन घालून खूप गाणं ऐकलं. चांगलंच होतं ते, पण लागत नव्हतं. काय कमी आहे तेही कळत नव्हतं. मग एका दिवाळीला घरी गेले होते. अण्णा गेल्यानंतरची पहिली दिवाळी. पाडव्याला आई म्हणाली, चल, पिंपळपारावर जाऊ. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, जुन्या नाशकात नेहरू चौकात पिंपळाचा मोठा पार आहे, तिथे पाडवा पहाट होते. गाणारे पारावर आणि लोक रस्त्यावर, दुकानांच्या पायऱ्यांवर, गच्च्यांवर. साडेपाचला गेलो तरी जागा नाही. एका मावशींनी सरकून हातभर जागा दिली आणि न विचारता आपली अर्धी शाल माझ्या पाठीवर टाकली. गोदेकाठचा गारठा तुम्हाला ठाऊक आहे.

भैरव रागातली चीज, म्हणजे बंदिश, सुरू झाली, मध्यलय तीनताल. थोड्या वेळाने लक्षात आलं की कुणीतरी माझ्या गुडघ्यावर ताल धरलाय. मावशीच. त्यांचं लक्ष पारावर. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थाप; खालीला, म्हणजे टाळी नसते तिथे, हात उलटा, सगळं चोख. मी पाय हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या, तरी नाही. सम आली की त्यांचा हात पडायचा आणि त्याच क्षणी समोरच्या शेकडो माना एकदम हलायच्या, आणि ते सगळं माझ्या गुडघ्यापर्यंत पोचत होतं. चीज संपल्यावर त्यांनी खाली बघितलं. “अगं बाई! तुझा होता का? मला वाटलं माझाच.”

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा. मावशींनी काही विचारलं नाही, शाल आणखी थोडी माझ्याकडे ओढली. त्यांचं नावही मला माहीत नाही.

परत यायच्या आधी मिरजेला जाऊन तंबोरा घेतला. बेचाळिसाव्या वर्षी. गाता येत नाही तर तंबोरा कशाला, असं दुकानातही विचारलं. म्हटलं, दुसऱ्याच्या मागे बसायला. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी जवारी, म्हणजे तारेचा सूर गुंजतो कसा ते, दोनदा तपासून दिली. घोडीवर तारेखाली सुताचा जो धागा सरकवतात, तो कसा केसाएवढा हलवायचा ते तासभर शिकवलं. विमानात भोपळ्याला तडा गेला. कुठल्या कंपनीचं विमान ते सांगत नाही, पण ‘फ्रॅजाइल’चे चार स्टिकर लावले होते आणि तडा बरोबर तिसऱ्या स्टिकरखाली होता. मिरजेहून फोनवर सूचना मिळाल्या. लाकडाचा भुसा, सरस आणि धीर. तो व्रण अजून आहे. कुणाला बघायचा असेल तर दाखवीन.

आता थोडं भांडते.

गेल्या वर्षी आपण भारतातून गायिका बोलावल्या. माझी जागा त्यांच्या मागे, म्हणजे तोंड तुमच्याकडे. मला काय दिसलं सांगू? पहिल्या तीन रांगांत फोनचे पडदे. चौथ्या रांगेपासून दरवाजाकडे नजरा, कारण बटाटेवड्याचा वास सुटला होता. बाई जीव ओतून गात होत्या. पहिली सम आली, एकही मान हलली नाही. दुसरी आली. तिसऱ्या समेला त्यांनी किंचित मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नंतरची वीस मिनिटं त्या बाई, मंडळी, माझ्यासाठी गायल्या. गाणाऱ्याला पलीकडून काही आलं नाही तर तो मागे वळून मागतो. आणि त्याही उत्तम गायल्या असत्या, हो. तुम्ही ऐकलीत ती त्यांची पाऊण गायकी होती.

तुम्ही म्हणाल, आम्हाला रागातलं कळत नाही. मावशींना कळत होतं का, मला माहीत नाही. आणि आपल्या रक्तात हे नाही असंही नाही. नाट्यगीतात आवडलेली जागा पुन्हा मागायला आपल्या आज्यांनी ‘वन्स मोर’ हा शब्द साहेबाकडून उचलून इतका मराठी केला की साहेबाला ओळखता येऊ नये. तेवढा हक्काने मागा. चुकीच्या जागी दाद दिलीत तरी चालेल, गाणारे रागावत नाहीत. गप्प बसलात तर मात्र घाबरतात.

तर कार्यकारिणीला विचारून आज एक बदल केलाय. जेवण गाण्यानंतर आहे. (मागून निषेध नोंदवला गेला, तो ऐकला.) वडे अजून तळलेलेच नाहीत, त्यामुळे वास येणार नाही. माझ्या गाडीत चार सतरंज्या आहेत, आणखी तीन घरांतून आल्या आहेत. ज्यांचे गुडघे चालतात त्यांनी पुढच्या खुर्च्या उचलून भिंतीला लावा आणि खाली बसा, अगदी चिकटून. ज्यांचे चालत नाहीत त्यांनी खुर्च्या जवळ ओढा. आपला तबला वाजवणारा मुलगा इथेच जन्मलाय, पहिल्यांदा एवढ्या लोकांपुढे बसतोय, आणि मघापासून तिकडे हातोडी घेऊन गट्टे ठोकतोय. तो काय ठोकतोय ते लहान मुलांना जवळ जाऊन बघू द्या.

तंबोरा जुळायला मला वीस मिनिटं लागतील. इथल्या हीटरने सूर हलतो. तोवर चहा घ्या. आणि माईक मी बंद करतेय.