अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत सीट बसवताना आधी बाक ओळखा

नमस्कार मंडळी! बडोद्यातून बोलतोय. ही बघा, बारा फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट. गळ टाकून तासन्‌तास या सपाट बाकावर बसलं की कंबर धरते, म्हणून पाठ टेकता येईल अशी फिरती सीट लावायची. मग पहिला विचार येतो, मधलं बाकच कापून टाकूया, जागा मोकळी होईल.

तसं करू नका. बाजूचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो. दोन्ही बाजूंना ताणून धरतं ते हे बाक. शिवाय बहुतेक बोटींत बाकाच्या पोटात फोम भरलेला असतो. बोटीत पाणी भरलं तरी ती तळाला जात नाही, ती त्याच्यामुळे. आपल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत. इथल्या माणसाने तर या फोमला हात लावूच नये.

म्हणजे सीट बसणार बाकावरच. पण थेट पत्र्यात स्क्रू पिळायचे नाहीत. माणूस मागे रेलला की सगळा जोर पुढच्या दोन स्क्रूंवर येतो आणि भोकं मोठी होत जातात. बाकाच्या रुंदीची पाच मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट घ्या. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, फॅब्रिकेशनवाले मापात कापून देतात. सीट त्या प्लेटवर, प्लेट बाकावर. बाक बंद असेल, खालून पाना जात नसेल, तर रिव्हनट लावा, म्हणजे वरूनच भोकात घालून घट्ट बसवायचा, आत आटे असलेला नट. लोखंडी नको, अ‍ॅल्युमिनियमचे किंवा स्टेनलेसचे.

प्लेटऐवजी प्लाय वापरायचा असेल, तर इथे नीट ऐका. दुकानदार विश्वासाने ७१० मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० या मानकाचा पाण्यात टिकणारा प्लाय, देतो. घरात तो उत्तम. पण वाळवी-बुरशी लागू नये म्हणून त्याला जी प्रक्रिया करतात, तिच्यात तांब्याचे क्षार असू शकतात. ओल्या प्लायमधलं तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. पत्र्यावर आधी पांढरी भुकटी दिसते, मग टाचणीएवढे खड्डे पडतात. प्लाय लावायचाच तर सगळ्या बाजूंनी, कडा आणि भोकांच्या आतूनसुद्धा, इपॉक्सी द्या आणि मध्ये रबरी शीट घाला.

बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचा वॉशर. जिथे हात पोचतो तिथे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला; इंजिनच्या थरथरीने साधा नट सुटतो. भोकाची कड कानसीने घासून सीलंट भरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं आम्ल पत्र्याला लागतं. पॉलियुरेथेनचा घ्या.

राहिली उंची. उंच खांबावरची सीट ऐटबाज दिसते, पण एवढ्या अरुंद बोटीत माणूस वर गेला की बोट लगेच कलते. सीट बाकाला जितकी चिकटून तितकी बरी.

आता लाइफ जॅकेट घाला, बोट काठाला बांधा आणि गुडघाभर पाण्यात सीटवर बसून दोन्ही बाजूंना पूर्ण फिरून बघा. कठडा पाण्याच्या फार जवळ येत असेल, तर बोल्ट सोडवा आणि सीट बाकाच्या बरोबर मध्यावर आणा.