‘वय झालं’ म्हणण्याआधी

(दृश्य : फोर्टमधली एक बँक. सकाळचे अकरा. काउंटरसमोर रांग.)

तीन नंबरच्या काउंटरवर बसलेल्या बाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. नोकरीला लागल्या तेव्हा लेजर हाताने लिहायचं. बॅलन्सिंग जुळलं नाही की अख्खी शाखा रात्रीपर्यंत थांबायची आणि चूक बहुतेक वेळा ह्यांनाच सापडायची. जुन्या खातेदारांच्या सह्या त्यांना पाठ होत्या. आता सही स्क्रीनवर येते.

(क्लोज-अप : कीबोर्डवर थबकलेली बोटं.)

पासवर्डची मुदत संपलीय आणि नवा पासवर्ड सिस्टिम घेत नाही. रांगेतून आवाज येतो, ‘मॅडम, जरा हात चालवा की!’ बाई मागे वळून पंचविशीतल्या सहकाऱ्याला म्हणतात, ‘बाळा, जरा बघतोस का?’ तो येतो, अर्ध्या मिनिटात करून देतो. पोरगा गुणी आहे, कधी कुरकुरत नाही. पण ज्या शाखेत लोक आपल्याकडे अडचण घेऊन यायचे, तिथे आता आपणच अडचण झालोय, हे मनात बसलं की अर्ध्या मिनिटात निघत नाही.

संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर विमा पॉलिसींच्या टार्गेटचा तक्ता पडतो. कुणाच्या नावापुढे शून्य आहे, ते सगळ्यांना दिसतं. रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं. ईसीजी नॉर्मल निघतो. डॉक्टर अॅसिडिटीची गोळी देतात आणि सांगतात, ‘टेन्शन घेऊ नका, वय झालं आता.’

आमचं भांडण या शेवटच्या तीन शब्दांशी आहे.

(दृश्य : संध्याकाळ. सीएसएमटीचे फलाट, घरी निघालेली गर्दी.)

अमेरिकी संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. माणूस नुसत्या कामाच्या बोज्याने खचत नाही. बोजा मोठा आणि ते काम कसं, कधी, कोणत्या क्रमाने करायचं यात मात्र आपला शब्द शून्य, ही जोडी माणसाला पोखरते. वय वाढतं तसा अनुभव वाढतो, म्हणजे शब्दाला वजन यायला हवं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं होतं.

दुसरा पुरावा फ्रान्सचा. तिथल्या सरकारी वीज आणि गॅस कंपनीतल्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना निवृत्तीच्या आधीपासून नंतरच्या काही वर्षांपर्यंत संशोधक दरवर्षी विचारत राहिले, की तब्येत कशी आहे? २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी तब्येत ठीक नसल्याचं सांगणारे सुमारे १९ टक्के होते, निवृत्तीनंतरच्या वर्षी ते १४ टक्क्यांवर आले. जणू आठ-दहा वर्षांनी वय उतरलं. वय तर वर्षाने वाढलंच होतं! आणि ज्यांच्या कामाची परिस्थिती मुळातच उत्तम होती, त्यांच्या तब्येतीत हा फरक पडला नाही. उतरवायला त्यांच्या पाठीवर ओझंच नव्हतं.

म्हणून ‘म्हाताऱ्यांना घरी बसवा’ असा याचा अर्थ काढू नये. शिवाय घरी बसणं परवडायलाही हवं.

(दृश्य : लालबाग. टॉवरचं गेट, रात्रीचे साडेदहा.)

हे वॉचमन काका साठी उलटलेले. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. काकांनी आयुष्यभर खाजगी कंपन्यांत नोकरी केली. त्यांच्या वाट्याला पेन्शन आलं ते ईपीएस-९५ चं, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेचं, ज्याची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. मुंबईत हजार रुपयांत काय येतं, ते सांगायला निवेदक कशाला हवा? म्हणून वयाच्या या टप्प्यावर बारा तासांची ड्यूटी. रिलीव्हर आला नाही की डबल.

गेटवर रजिस्टर आहे, मोबाइलवर अॅप आहे, डिलिव्हरीवाल्यांची रीघ आहे. विचारल्याशिवाय सोडलं तर बोलणी, थांबवून ठेवलं तरी बोलणी. खुर्ची मात्र रात्री अकराला आत जाते. वॉचमन झोपू नये म्हणून. सोसायटीच्या समितीने तसं ठरवलंय, एकमताने. (या एकमताचं आम्हाला फार कौतुक वाटलं.)

केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. बसण्यासाठी कायदा करावा लागतो, हेच बोलकं आहे. रात्रपाळीचं दुखणं त्याहून वेगळं. उतारवयात शरीर दिवसाची झोप नीट घेत नाही. अर्धवट झोपेचा माणूस आधी चिडचिडा होतो, मग गप्प. घरचे म्हणतात, ‘हल्ली बोलतच नाहीत.’

(दृश्य : काका डबा उघडतात.)

बोलायला जागा आहे. १४४१६, टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर, २०२२ पासून चालू, मोफत, चोवीस तास, मराठीतही. पण फोनवरचा समुपदेशक ड्यूटीचं वेळापत्रक बदलू शकत नाही. ते मालकाच्या हातात आहे, एजन्सीच्या आणि सोसायटीच्याही. रात्रपाळी आलटून-पालटून लावणं, नवी सिस्टिम शिकवायला कामाच्याच वेळेतला निवांत तास देणं, टार्गेटचा तक्ता ग्रुपवर न टाकता ज्याचा त्याला सांगणं, यातल्या कशालाही बजेट मंजूर करून घ्यावं लागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रम संहिता लागू झाल्या. चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करायची, असं त्यांत आहे. साखर आणि रक्तदाब मोजला जाईलच. त्याच टेबलावर ‘झोप लागते का, आणि नसेल लागत तर कामावर काय चाललंय’ एवढंही विचारता येईल. खुर्चीसाठी मात्र तपासणीची वाट बघायला नको. समितीची बैठक येत्या रविवारी आहे.