कपाटाखालचा खोका

[दृश्य : काचेचं कपाट. मखमलीवर ओळीने मांडलेली नाणी. कॅमेरा सावकाश खाली येतो. कपाटाच्या पायाशी, भिंतीला टेकवून ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका.]

कुठल्याही संग्राहकाकडे जा, तो आधी कपाट दाखवतो. नाणी असोत, टपाल तिकिटं असोत, नाहीतर जुनी घड्याळं. त्याचं बोट एकेका वस्तूवर टेकतं आणि तिची हकिगत सुरू होते. तास-दोन तास असेच जातात. आपण निघतो, चपला पायात सरकवतो, आणि तेवढ्यात तो म्हणतो, "आणखी एक आहे. तसं फार काही नाही त्यात." मग खोका बाहेर येतो.

ही फिल्म त्या खोक्याची आहे.

कपाटातला संग्रह माणूस ठरवून करतो. यादी असते, काय हवं ते माहीत असतं, काय उणं आहे तेही माहीत असतं. खोक्याला यादी नसते. मुख्य वस्तूच्या मागोमाग, तिला चिकटून, तिच्या पोटातून जे जे घरात आलं आणि टाकवलं नाही, ते तिथे जमत जातं. डब्या, चिठ्ठ्या, वेष्टनं, पावत्या, माहितीपत्रकं. आणि काही वर्षांनी लक्षात येतं, की हाही एक संग्रह झाला आहे.

[दृश्य : फिरणारी तबकडी. सुई खाचेत उतरते. खरखर, मग सूर.]

ग्रामोफोनपासून सुरुवात करू. जुन्या लाखेच्या तबकड्या जमवणाऱ्याचा खरा जीव अर्थातच तबकड्यांत. पण तबकडी वाजवायची तर सुई हवी, आणि पोलादी सुईचं आयुष्य एका बाजूपुरतं. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असायची. फिरता फिरता सुईचं टोक त्या पुडीवर घासावं आणि खाचेच्या मापाचं व्हावं, अशी ती योजना होती. झिजायचं ते सुईने. एक बाजू संपली की ती काढून नवी बसवायची. त्यामुळे सुया लागायच्या शेकड्यांनी, आणि त्या यायच्या तळहातात मावणाऱ्या पत्र्याच्या डब्यांतून. एका डबीत बहुतेक वेळा २००.

आता ती डबी जवळून पाहा. झाकणावर रंगीत छपाई, कंपनीचं चिन्ह, आणि खाली सुईची जात : हळू आवाजाची, मोठ्या आवाजाची, त्याहून मोठ्या आवाजाची. आवाज कमी-जास्त करायला त्या यंत्राला आजच्यासारखं बटण नव्हतं. जाड सुई लावली की आवाज भरदार, बारीक लावली की मऊ. म्हणजे एखाद्या घरातून आलेल्या डब्या पाहिल्या, की तिथे गाणं रात्री दार लावून हलकेच ऐकलं जायचं की माणसं जमवून, याचा थोडासा अंदाज येतो. तबकडी सांगते काय ऐकलं. कसं ऐकलं, ते डबीला विचारावं लागतं.

टाइपरायटर जमवणाऱ्यांकडेही डब्याच निघतात, रिबिनींच्या. शाई वाळू नये म्हणून रिबीन घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीत यायची. यंत्र घेतलं की वर्षानुवर्षं चालायचं, रिबीन मात्र पुन्हा पुन्हा लागायची. तेव्हा गिऱ्हाईक धरून ठेवायला कंपन्यांनी सगळं चित्रकौशल्य त्या डबीवर ओतलं. पक्षी, विमानं, तारे, हसणाऱ्या बायका. रिबीन संपल्यावर डबीत टाचण्या जायच्या, बटणं जायची. म्हणून तर त्या टिकल्या.

[दृश्य : खिशातल्या घड्याळाचं बाहेरचं कवच उघडतं. आत एक गोल, पिवळट कागद.]

या कागदापाशी मात्र थोडं थांबायला हवं.

अठराव्या शतकातल्या खिशातल्या घड्याळांना बहुधा दोन कवचं असायची, एकात एक बसणारी. आतलं कवच खडखडू नये, फटीतून धूळ जाऊ नये, म्हणून दोन्हींच्या मध्ये एक गोल तुकडा घालत. कधी कापडाचा, भरतकाम केलेला, आणि पुढे पुढे कागदाचा. कागद आला तशी त्याची जाहिरात झाली. दुरुस्ती करणारा कारागीर त्यावर आपलं नाव-गाव छापून घेऊ लागला. कुणी भोवती वेलबुट्टी काढली, कुणी काळ कसा निसटतो यावर चार ओळी छापल्या. घड्याळं जमवणारे सुरुवातीला हे कागद बाजूला सारत, कारण त्यांचं लक्ष आतल्या चक्रांवर.

कागद उलटा करा. मागे शाईने तारीख लिहिलेली आहे. मालकाचं नाव. कधी काय मोडलं होतं तेही. पुढच्या दुरुस्तीला दुसऱ्या कारागिराने जुना कागद काढलाच नाही, त्यावर आपला ठेवला. असे तीन-चार कागद एकाच घड्याळात निघतात, आणि ते घड्याळ कोणत्या गावांतून, कोणत्या हातांतून फिरलं याचा मागच तुमच्या तळहातावर येतो. चक्रं सांगतात घड्याळ कोणी बनवलं. ते बंद पडलं तेव्हा कोणाला करमलं नाही, हे त्या कागदांत आहे.

[दृश्य : पाण्याच्या थाळीत भिजत ठेवलेले पाकिटांचे कोपरे. तिकीट सुटून तरंगतं.]

टपाल तिकिटांच्या जगात तर या खोक्यातल्या वस्तूंनी मुख्य छंदाचं रूपच पालटलं. पहिलं टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, १८४० च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये वापरात आलं. त्यानंतर कितीतरी पिढ्यांचा शिरस्ता एकच : पाकिटाचा कोपरा कापायचा, पाण्यात भिजवायचा, तिकीट सोडवून घ्यायचं, पाकीट फेकायचं. शाळेच्या वयात मीही तेच केलं. घरी आलेली पाकिटं होती, त्यांवर अक्षरं होती, वाटेतल्या टपाल कचेऱ्यांचे शिक्के होते. तिकिटं आजही माझ्याकडे आहेत. ती पत्रं कोणी पाठवली होती, ते आता कुठून कळणार? ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

काही जणांनी मात्र पाकिटं अख्खी ठेवली. केवळ शिक्का छान उमटलाय म्हणून, किंवा हस्ताक्षर सुंदर आहे म्हणून. आज टपालाचा इतिहास ही तिकीटसंग्रहाची मोठी शाखा आहे आणि ती उभी आहे याच पाकिटांवर. पत्र कुठून निघालं, कोणत्या मार्गाने गेलं, किती दिवस लागले, वाटेत कोणी उघडून तपासलं का. सुट्या तिकिटाला यातलं फारच थोडं ठाऊक असतं.

भोकं पाडलेल्या तिकिटांचीही तीच गत. कचेरीतली तिकिटं नोकरांनी घरी नेऊ नयेत म्हणून ब्रिटनमधल्या व्यापारी पेढ्या १८६८ च्या सुमारापासून तिकिटांवर बारीक छिद्रांनी आपली आद्याक्षरं पाडून घेऊ लागल्या. पुढे ती रीत अनेक देशांत गेली. संग्राहकांच्या लेखी ही तिकिटं फाटकी, बिघडलेली. ढिगांनी टाकून दिली गेली. आता कोणती अक्षरं कोणत्या पेढीची हे हुडकणं हाच काहींचा पूर्ण वेळचा नाद आहे.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. १८४० मध्ये तिकिटाबरोबरच विल्यम मुलरेडी या चित्रकाराने सजवलेली छापील पाकिटंही सरकारने काढली होती. चित्र इतकं भपकेबाज, की लोकांना ते मुळीच रुचलं नाही, आणि लवकरच ती पाकिटं मागे घ्यावी लागली. पण तेवढ्या काळात छापखानेवाल्यांनी त्या चित्राची टर उडवणारी आपली पाकिटं विकायला काढली. ती सरकारी नव्हती, टपाल खर्च म्हणून त्यांना काही किंमत नव्हती. तरी तिकिटांच्या संग्राहकांनी ती जपली, आणि नव्या टपालपद्धतीबद्दल रस्त्यावरचा माणूस काय म्हणत होता, हे आज त्या चित्रांतून पाहता येतं.

[दृश्य : लहान पेटीत स्फटिक. त्याच्याखाली घडी घातलेली चिठ्ठी.]

चिठ्ठ्या. मला विचाराल तर साऱ्या खोक्यातली सर्वांत मोठी दौलत हीच.

खनिजाचा नमुना कितीही देखणा असो, तो कोणत्या खाणीतला हे कळत नसेल तर अभ्यासकाच्या दृष्टीने तो जवळजवळ मुका. टाचणीला लावलेल्या भुंग्याचंही तसंच. टाचणीवर, भुंग्याच्या खाली, नखाएवढा कागद असतो : जागा, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. तो हरवला तर भुंगा उरतो, माहिती जाते. नाण्यांच्या संग्राहकांत नाण्याखाली गोल चिठ्ठी ठेवण्याची जुनी चाल आहे. नाणं कोणाकडून घेतलं, केव्हा, ओळख काय, सगळं बारीक अक्षरात. नाणं विकलं गेलं की चिठ्ठीही त्याच्याबरोबर जाते. नवा मालक स्वतःची लिहितो. काही संग्राहकांनी या चिठ्ठ्यांचाच वेगळा अल्बम केला आहे, आणि अक्षराच्या वळणावरून शंभर वर्षांपूर्वीचा मालक ओळखणारी माणसं आहेत. खनिजांच्या दुनियेत 'मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड' या नियतकालिकाने जुन्या संग्राहकांची माहिती एकत्र केली आहे, तिच्यात त्यांच्या लेबलांची चित्रंही आहेत. नमुन्याखालची अनोळखी चिठ्ठी तिथल्या चित्राशी ताडून पाहता येते.

जुने लिलाव-कॅटलॉग नाण्यांच्या घरात साठतात ते याच कारणाने. छायाचित्रातला एखादा ओरखडा, काठाचा एखादा टवका जुळला, की हेच नाणं तेव्हा कोणाच्या हाती होतं ते उमगतं.

बाकी खोके पुष्कळ आहेत. बिनतारी संपर्क साधणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांकडे संपर्क झाल्याची पोच देणारी क्यूएसएल कार्डं असतात, त्यांतली काही आता नकाशावर नसलेल्या देशांतून आलेली. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांकडे एडमंडसन पद्धतीची, म्हणजे जाड पुठ्ठ्याची जुनी प्रवासाची तिकिटं. कॅमेरेवाल्यांकडे फिल्मचे रिकामे डबे, आणि कधी जुन्या कॅमेऱ्यात राहून गेलेली, कोणीच न धुतलेली फिल्म. पुस्तकवाल्यांची वेष्टनं. पुस्तकाचं कागदी वेष्टन पूर्वी दुकानातून घरी येईपर्यंतच कामाचं मानत. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात १८३० च्या सुमाराचं एक वेष्टन सापडलं, तेव्हा ज्ञात असलेल्या वेष्टनांतलं सर्वांत जुनं ठरलेलं. रेशमी बांधणीच्या एका भेट-पुस्तकाभोवती ते पुडीसारखं गुंडाळून लाखेने बंद केलेलं होतं. पुस्तक केव्हाच वेगळं झालं होतं. पुडीचा कागद मात्र कोणीतरी ठेवला होता.

[दृश्य : राखाडी अभिलेख-पेट्यांच्या रांगा.]

हा नाद नवा नाही. सारा सोफिया बँक्स, जन्म १७४४. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांची बहीण. ती नाण्यांची आणि पदकांची जाणकार संग्राहक होती. पण नाण्यांच्या जोडीने तिने भेटकार्डं जमवली, समारंभांच्या प्रवेशपत्रिका जमवल्या, दुकानदारांची जाहिरातपत्रं, हस्तपत्रकं. १८१८ मध्ये ती गेली तेव्हा असे हजारो कागद मागे होते, आणि ब्रिटिश म्युझियमने ते घेतले. त्या काळात कोणी कोणाला भेटायला जात होतं, करमणुकीला लोक कुठे गर्दी करत होते, हे शोधणारे अभ्यासक आज तिच्या नाण्यांइतकेच हे कागदही उलगडतात.

ऑगस्टस पिट-रिव्हर्स सैन्यातला अधिकारी. नव्या बंदुकांची परीक्षा घेण्याच्या कामातून त्याला बंदुका जमवायची ओढ लागली. बंदुकीवरून तो इतर शस्त्रांकडे वळला, शस्त्रांवरून अवजारांकडे, मग नावा, टोपल्या, वाद्यं. १८८४ मध्ये त्याने ऑक्सफर्डला दिलेल्या संग्रहात २० हजारांहून अधिक वस्तू होत्या.

आणि जॉन जॉन्सन. पहिल्या महायुद्धाआधी हा तरुण इजिप्तमध्ये प्राचीन उकिरडे उपसत होता. वाळूत गाडल्या गेलेल्या कचऱ्यात त्याला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचे, तुकडे मिळत. हिशेब, पत्रं, पावत्या. दोन हजार वर्षांपूर्वीची रद्दी तो ब्रशने झाडून जपत होता. मग त्याच्या मनात आलं, आपली आजची रद्दी कोण जपतंय? पुढे तो ऑक्सफर्ड विद्यापीठाचा मुद्रक झाला. छपाई हे काम, आणि त्याच्या जोडीने तिकिटं, वेष्टनं, जाहिराती, साबणाची लेबलं, कार्यक्रमपत्रिका जमवणं चालूच. १९६८ मध्ये तो संग्रह बोडलियनमध्ये गेला. आज त्यात १५ लाखांहून अधिक नग आहेत.

[दृश्य : खोक्याचं झाकण निघतं. जाळीदार झालेला रबरबँड तुटतो.]

खोक्याची हेळसांड मात्र सर्रास होते. नाणी चांगल्या पेटीत, चिठ्ठ्या रबरबँडमध्ये. रबर वितळून कागदाला चिकटतं. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. पोलादी टाचणी गंजते. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या तर नाण्यांनाच हिरवट चिकटा आणतात. आम्लरहित कागदाचं साधं पाकीट, कोरडी अंधारी जागा, आणि लिहायचंच झालं तर पेन्सिल, एवढं पुरतं. आणि दोन वस्तू एकत्र आल्या असतील तर त्या एकमेकींच्या आहेत, ही नोंद तरी असू द्यावी. कागद घड्याळातून काढला, तर तो कोणत्या घड्याळातला होता हे त्याच दिवशी लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी आठवेल असं वाटतं. आठवत नाही.

[दृश्य : पुन्हा पहिलं कपाट. नाण्यांचा खण ओढलेला. एका नाण्याखालून चिठ्ठी निघते, तिच्याखालून आणखी जुनी, कडा तपकिरी झालेली.]

हे नाणं या घरात नुकतंच आलं आहे. त्याच्याखाली दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन वेगळी अक्षरं. वरची निळ्या शाईत, घाईची. खालची टाकाने लिहिलेली, प्रत्येक अक्षर सुटं.

[दृश्य : हात कोरा गोल कागद कापतो. पेन्सिलीचं टोक तासतो. लिहिण्याचा आवाज.]

तिसरी चिठ्ठी आत्ता लिहिली जाते आहे. आधीच्या दोन त्याच क्रमाने परत ठेवल्या जातात, त्यांच्यावर ही, आणि सगळ्यांवर नाणं.

[दृश्य : खण आत सरकतो.]