जर्नलची स्टाइल सापडत नसेल तर जवळची घ्या आणि बदला

नमस्कार मंडळी. समोर बरेचसे पीएचडीवाले दिसताहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. पेपर लिहून झाला, गाइडने ओके केला, आता सबमिट करायचा म्हणून जर्नलच्या सूचना उघडल्या की तिथे संदर्भांचे नियम असतात, आडनाव आधी, आद्याक्षरांपुढे टिंब नको, वर्ष कंसात नको, वगैरे वगैरे. मग आपण काय करतो, तर झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून यादी काढतो आणि वर्डमधे बसून एकेक टिंब खोडत राहतो. हे अजिबात करू नका. उद्या रिव्ह्यूअर म्हणाला की अजून दोन पेपर घाला, आणि तुम्ही ते घातले, की यादी नव्याने तयार होते आणि हाताने केलेलं सगळं पुसलं जातं. दुरुस्ती करायची ती स्टाइलच्या फाइलमधे, म्हणजे यादी कशी दिसावी याचे नियम ज्यात लिहिलेले असतात त्या फाइलमधे.

झोटेरो अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात 2006 मधे सुरू झालं, आणि त्याच्या स्टाइल्स सीएसएल म्हणजे सायटेशन स्टाइल लँग्वेजमधे लिहिलेल्या असतात. मेंडेली नावाचं असंच दुसरं सॉफ्टवेअरपण तीच वापरतं, एंडनोटचं मात्र वेगळं आहे. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेल्या 10,000 हून जास्त स्टाइल्स फुकट मिळतात, त्यामुळे आधी झोटेरोच्या वेबसाइटवरच्या स्टाइल्सच्या यादीत जर्नलचं नाव टाकून शोधा, बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. नाही सापडलं तर सीएसएलच्या ऑनलाइन एडिटरमधे एक फार छान सोय आहे, त्यातला नमुना संदर्भ तुमच्या जर्नलच्या पद्धतीने टाइप करायचा, की तो जवळात जवळच्या स्टाइल्स काढून देतो.

आता इथे अनेकजण अडकतात. फाइल उघडली तर आत काहीच नाही, नुसती चार ओळींची माहिती आणि एक लिंक! ती डिपेंडंट स्टाइल असते, म्हणजे स्वतःचे नियम नाहीत, दुसऱ्या मूळ स्टाइलकडे बोट दाखवते. तेव्हा बदल करायला ती मूळ फाइल घ्यायची.

मूळ फाइल झोटेरोच्या स्टाइल एडिटरमधे उघडा, सेटिंग्जमधे साइट (Cite) म्हणून भाग आहे तिथे तो आहे. सगळ्यात आधी स्टाइलचं टायटल आणि आयडी दोन्ही बदला, नाहीतर झोटेरो स्टाइल्स आपोआप अपडेट करतं तेव्हा तुमच्या बदलांवर जुनी फाइल येऊन बसते. मग खाली बिब्लिओग्राफीचा, म्हणजे संदर्भयादीचा भाग शोधा. समजा तिथे एट-अल-मिन 7 आणि एट-अल-यूज-फर्स्ट 6 असं लिहिलंय, याचा अर्थ सात किंवा जास्त लेखक असतील तर पहिले सहा दाखव आणि पुढे एट अल, म्हणजे 'आणि इतर'. जर्नलला तीनच नावं हवीत? 4 आणि 3 करा, झालं. इनिशियलाइझ-विथमधे, म्हणजे आद्याक्षरापुढे काय लावायचं ते जिथे लिहितात तिथे, टिंब असेल तर 'कुलकर्णी ए. बी.' येतं, ते टिंब काढलं की 'कुलकर्णी ए बी'. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि खाली प्रीव्ह्यू बघा, एकदम पाच बदलल्या तर कशाने बिघडलं ते कळत नाही.

पण फाइलला हात लावण्याआधी झोटेरोत भरलेला डेटा बघा हो, कारण निम्म्या तक्रारी स्टाइलच्या नसतातच. युनिव्हर्सिटी ग्रँट्स कमिशन हे नाव व्यक्तीसारखं दोन खान्यांत भरलं तर यादीत 'कमिशन यू जी' असा माणूस तयार होतो, त्यावर उपाय म्हणजे लेखकाचा रकाना सिंगल फील्ड करायचा. तसंच इंग्रजी शीर्षकं सेंटेन्स केसमधेच साठवा, म्हणजे पहिला शब्द आणि विशेषनामं तेवढी कॅपिटल, तिथून प्रत्येक शब्द कॅपिटल करणं सॉफ्टवेअरला जमतं, उलटं नीट जमत नाही, कारण पुणे हे गावाचं नाव आहे हे त्याला कुठून कळणार.

आणि जे मराठीत लिहितात त्यांनी तर हे शिकायलाच हवं असं मला मनापासून वाटतं. स्टाइलमधे लोकेल नावाचा एक भाग घालता येतो, त्यात अँडच्या जागी 'आणि', एट अलच्या जागी 'व इतर', एडिटरला 'संपा.', पानाला 'पृ.' असं एकदा लिहून ठेवलं की सगळी यादी मराठी वळणाची होते. एक अडचण राहते, अख्ख्या यादीला एकच भाषा लागते, म्हणून इंग्रजी लेखकांपुढेही 'व इतर'च येतं. तेवढं मात्र हाताने करावं लागतं, पण अगदी शेवटी, पेपरच्या वर्ड फाइलची कॉपी काढून, त्या कॉपीवर झोटेरोशी असलेला दुवा तोडणारं अनलिंक सायटेशन्स दाबून मगच. पेपरची मूळ वर्ड फाइल झोटेरोशी तशीच जोडलेली ठेवा, पेपर परत आला तर तिच्यातच डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधे जाऊन पुढच्या जर्नलची स्टाइल निवडता येते.