ब्रेक लागतो कपामुळे, सुटतो भोकामुळे

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘जुन्या मोटरसायकलच्या मास्टर सिलिंडरची दुरुस्ती’. मास्टर सिलिंडर म्हणजे हँडलवरचा, लिव्हर दाबली की ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग. तिथे येतोच. पण आधी एका भोकाची बाजू मांडू द्या, कारण त्याला दुसरा वकील नाही.

ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढून तळाशी बघा. दोन भोकं असतात. मोठं सगळ्यांना दिसतं. दुसरं टाचणीच्या टोकाएवढं, आणि काही गाड्यांत तेही एका छोट्या पत्र्याखाली लपलेलं. लिव्हर मोकळी असताना कॅलिपरकडचं, म्हणजे चाकापाशी पॅड आवळणाऱ्या भागाकडचं, ऑइल या बारीक भोकातून डबीशी जोडलेलं असतं. लिव्हर दाबली की पिस्टनवरचा रबरी कप भोक ओलांडून पुढे सरकतो, वाट बंद होते आणि दाब तयार व्हायला लागतो. सोडली की वाट परत उघडते. दुरुस्तीच्या किटमध्ये कप मिळतो, भोक मिळत नाही. म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. हसू नका, असंच आहे.

ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी घ्या. निघताना ब्रेक झकास, जरा चालली की पुढचं चाक जड. गॅरेजने आधी पॅड बदलले. मग कॅलिपरचे सील. मग चक्क डिस्क! प्रत्येक बिलासोबत ‘आता त्रास नाही होणार’ हे फुकट. आणि गंमत म्हणजे गाडी गार झाली की चाक आपोआप मोकळं, त्यामुळे गॅरेजात कधी काही सापडायचंच नाही. होत काय होतं? भोक बुजलेलं. पॅड जरासे घासले, ऑइल तापलं, फुगलं, त्याला डबीत परतायला वाट नाही. म्हणून पॅड आणखी आवळले, आणखी तापले.

हे ओळखायला पैसे लागत नाहीत. चाक जाम असतानाच, फडकं गुंडाळून, मास्टर सिलिंडरचा बँजो बोल्ट, म्हणजे ऑइलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट, किंचित सैल करा. चाक सुटलं, तर दोष वरच, मास्टर सिलिंडरमध्ये. नाही सुटलं, तर खालचा, कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल उघडा. आता सुटलं तर बहुधा होज, म्हणजे मधली रबरी नळी, आतून फुगलाय. तरीही नाही, तर कॅलिपरचा पिस्टन अडकलाय. (बाजारातली हौशी लिव्हर बसवलेल्यांनी आधी ती पिस्टनला सतत रेटत नाही ना, ते बघावं. तिथेही कप भोकावरच थांबतो आणि लक्षणं हुबेहूब हीच.)

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. तेव्हा दुरुस्ती आता धावत.

टाकी झाका, डॉट ३, डॉट ४ या प्रतीचं ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाणी. ऑइल काढा, लिव्हर काढा, बूट (धूळ अडवणारं रबर) काढा, मग लांब चोचीच्या पकडीने सर्कलिप, म्हणजे पिस्टन आत धरून ठेवणारी कडी. कपाची ओठाची बाजू स्प्रिंगकडे असते. बाहेर काढतानाच फोटो घ्या. धुवायला ताजं ब्रेक ऑइल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. पेट्रोल नको, ग्रीसही नको. त्याने रबर फुगतं. आतल्या भिंतीवरून नख फिरवा. कप जिथे सरकतो तिथे नख अडकलं, तर नवं किट घालून उपयोग नाही. सिलिंडर बदला किंवा आत नवी नळी (स्लीव्ह) बसवा. भोकात गिटारची सगळ्यात बारीक तार घाला, ड्रिल मुळीच नाही. कड उठली की कप कापला जातो.

नवा कप ताज्या ऑइलने ओला करून बसवा. सर्कलिप खाचेत पूर्ण बसली का, फिरवून बघा. बँजोचे दोन्ही वायसर नवे. ऑइल झाकणावर लिहिलं असेल तेच, तेही सीलबंद बाटलीतलं: डॉट ४ चा उत्कलनांक कोरडा असताना किमान २३० अंश, ओलावा शोषला की १५५ पर्यंत उतरू शकतो. आणि एअर काढताना थेट कॅलिपरकडे धावू नका. हवा बहुतेकदा बँजोपाशीच अडकते; आधी ती तिथून काढा, मग खालून. हं, विचारा प्रश्न.